शिंदे घाट का खचला?

काशीला गेलेला मराठी यात्रेकरू मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाला, की लगेच त्याला एक ओळखीचे नाव भेटते: शिंदे घाट. तिथले लोक ‘सिंधिया घाट’ म्हणतात. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे आणि ते सहज डोळ्यांत भरावे इतके कललेले आहे. नावाडी गोष्ट सांगतो. एका मुलाने मंदिर बांधले, ‘आईचे ऋण फिटले’ असे म्हणाला, आणि मंदिर तत्क्षणी कलंडले! गोष्ट मोठी गोड आहे. पण शेजारच्या घाटाची खरी हकीगतही कमी नाही, आणि आज टोलेजंग इमारतीत घर घेऊ पाहणाऱ्यांनी तर ती जरूर ऐकावी.

घाट बांधवला बायजाबाई शिंदे यांनी. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव वारले आणि ग्वाल्हेरचा कारभार बाईंच्या हाती आला. १८२८ मध्ये त्यांनी काशीत ज्ञानवापीचा स्तंभमंडप उभारला आणि १८३० च्या सुमारास गंगेकाठी हा भव्य घाट बांधायला घेतला. होळकर, भोसले, पेशवे या सर्वांची बांधकामे काशीत होती. वरळीच्या उंच इमारतीला आज जो मान आहे, तो त्या काळी काशीच्या घाटाला होता म्हणा ना! शिंद्यांचा घाट तोलामोलाचाच हवा होता. म्हणून दगडही भरपूर पडला, आणि नेमके तेच नडले. आपल्याच वजनाने घाट कित्येक फूट खाली गेला, चिरेबंदी बांधकामाला तडे पडले. तिकडे १८३३ मध्ये बाईंना ग्वाल्हेरही सोडावे लागले.

दगड उत्तम, कारागीर कसबी, पैशाला तोटा नाही. मग चुकले कुठे?

काशी गंगेच्या उंच पश्चिम काठावर वसली आहे. हा काठ चिकणमाती आणि कंकराचा. ओल्या गादीवर धान्याचे पोते ठेवले तर गादी हळूहळू दबते, तशी अशी माती भाराखाली दबत जाते. आज नाही, उद्या नाही, पण वर्षानुवर्षे. त्यात गंगेची चढउतार. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरवर गेले होते. हिवाळ्यात तेच पाणी दहा मीटरहून अधिक खाली असते. पूर ओसरताना नदी भराभर उतरते, पण काठाच्या मातीत मुरलेले पाणी मागे राहते आणि आतून बांधकामाला ढकलते. शिवाय नदीचे वळण असे, की प्रवाह याच काठाच्या पायथ्याशी घासत जातो.

आजच्या श्रीमंत इमारतींनाही अडचणी चुकत नाहीत. मुंबईतल्या ‘वर्ल्ड वन’ची उंची ४४२ मीटर ठरली होती, विमानतळाच्या परवानगीपायी ती २८० मीटरवर थांबवावी लागली. तिथे अडचण आभाळाची होती. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मात्र थेट शिंदे घाटाचीच पुनरावृत्ती झाली. तिथला ‘मिलेनियम टॉवर’ म्हणजे ५८ मजले, लाखो डॉलरचे एकेक घर. खांब घट्ट वाळूच्या थरापर्यंत नेले होते, त्याच्याही खालच्या कातळापर्यंत नाही. इमारत सुमारे १६ इंच खचली असून कललीही आहे, हे २०१६ मध्ये उघड झाले. घरांच्या किमती घसरल्या, रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढली. शेवटी कातळापर्यंत जाणारे १८ नवे खांब घालून २०२३ मध्ये टेकू दिला. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर!

आपल्याकडे बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात इटालियन संगमरवर असतो, पोहण्याचा तलाव असतो. खालच्या मातीबद्दल अवाक्षर नसते. आयुष्याची पुंजी घालण्यापूर्वी माती परीक्षणाचा अहवाल मागायला संकोच कसला? मुलीचे स्थळ पाहताना आपण याहून अधिक चौकशा करतो.

काठावरचे सगळेच खचले असे मात्र नाही. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला वाडा अजून उभा आहे. पुढे तो दरभंग्याच्या महाराजांनी घेतला आणि आता तिथे आलिशान हॉटेल चालते.

शिंदे घाट ग्वाल्हेरकरांनी १९३७ च्या सुमारास पुन्हा बांधून काढला. आज तिथे यात्रेकरू निवांत स्नान करतात. रत्नेश्वराचे मंदिर मात्र कललेलेच राहिले. पावसाळ्यात त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो आणि पूर ओसरला, की गाभाऱ्यात साठलेला गाळ दरवर्षी उपसावा लागतो.