पलटणीच्या वर्गणीतून उभं राहिलेलं विद्यापीठ

१८४७ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यानं कायदा केला: कृष्णवर्णीयांना लिहाय-वाचायला शिकवणारी शाळा कुणी चालवायची नाही. चालवली तर पाचशे डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. त्यानंतर वीस वर्षं उलटायच्या आत त्याच राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीत, कृष्णवर्णीयांची शाळा उघडली. तीच शाळा म्हणजे आजचं लिंकन विद्यापीठ. आणि तिला पैसे पुरवले होते साध्या शिपायांनी, ज्यांतले बहुतेक काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते!

यादवी युद्धात मिसुरीत भरती झालेल्या कृष्णवर्णीयांची पायदळाची ६२वी पलटण उभी राहिली. भरतीच्या वेळी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून छावणीतच शिकवणी सुरू झाली. पलटणीचा १८६४चा एक हुकूम मला फार आवडतो. जो पत्ते खेळताना सापडेल, त्याला हातात पुस्तक देऊन सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं करायचं आणि तिथल्या तिथं वाचनाचा धडा करून घ्यायचा. जे शिकवणं कालपर्यंत गुन्हा होतं, ते आता लष्करी हुकमानं, सगळ्यांच्या देखत!

युद्ध संपलं. पलटण टेक्सासात, रिओ ग्रांदे नदीकाठच्या मॅकिंटॉश किल्ल्यावर होती. जानेवारी १८६६मध्ये घरी जायची वेळ आली, तेव्हा प्रश्न पडला की सुरू झालेलं हे शिक्षण पुढं कोण चालवणार? मग वर्गणी निघाली. ६२व्या पलटणीनं सुमारे पाच हजार डॉलर जमवले, कृष्णवर्णीयांच्याच ६५व्या पलटणीनं आणखी सुमारे चौदाशेंची भर घातली. शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर. सॅम्युअल सेक्स्टन नावाच्या शिपायानं एकट्यानं १०० डॉलर दिले, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचा पगार. अटी मोजक्या होत्या: शाळा मिसुरीत हवी, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी हवी आणि अभ्यासाला श्रमाची जोड हवी.

ही रक्कम घेऊन ६२व्या पलटणीचा गोरा अधिकारी लेफ्टनंट रिचर्ड फॉस्टर शाळेसाठी जागा शोधत हिंडला. कृष्णवर्णीयांच्या चर्चनं जागा नाकारली, कारण मास्तर गोरा. गोऱ्यांच्या चर्चनंही नाकारली, कारण विद्यार्थी काळे. शेवटी एक पडकं घर मिळालं आणि १७ सप्टेंबर १८६६ला, भर पावसात, दोन विद्यार्थ्यांवर ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ सुरू झाली.

१८७९मध्ये ती राज्याच्या ताब्यात गेली. १९२१मध्ये तिचं विद्यापीठ झालं. त्यासाठीचं विधेयक मांडलं वॉल्थॉल मूर यांनी, मिसुरी विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय आमदारानं.

पुढची वाढ मात्र विलक्षण कारणानं झाली. लिंकनचा पदवीधर लॉइड गेन्स याला गोऱ्यांच्या मिसुरी विद्यापीठानं कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. १९३८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: गोऱ्यांना राज्यात कायदा शिकता येतो, तर कृष्णवर्णीयांनाही राज्यातच शिकता आला पाहिजे. राज्यानं त्याला गोऱ्यांच्या वर्गात बसवण्याऐवजी लिंकनच्या नावानं सेंट लुइसमध्ये वेगळं विधी महाविद्यालयच काढलं. गेन्स १९३९मध्ये शिकागोतून बेपत्ता झाला, तो पुन्हा कधीच सापडला नाही. मग ल्युसिल ब्लुफर्ड या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचं उच्च शिक्षण घेता यावं म्हणून न्यायालयात झुंज दिली आणि १९४२मध्ये लिंकनमध्ये पत्रकारितेचा विभाग निघाला. एका वर्गात शेजारी बसू द्यायचं नाही, एवढ्यासाठी सरकार अख्खे विभाग उभारत होतं.

१९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतली वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली. लिंकननं त्याच वर्षी सर्वांना प्रवेश खुला केला आणि गावातली गोरी मुलंही तिथं नाव घालू लागली.