निळा दिसला? आता त्याचे शेजारी बघा!

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोली लागते. तिथल्या खाणींमध्ये काळा पाषाण फोडून खडी करतात. हो, स्लॅबमध्ये घालतात तीच खडी! पण या काळ्याकुट्ट दगडाच्या पोटातून कधीकधी असा झगझगीत निळा स्फटिक निघतो, की त्याच्यापायी जगभरातल्या खनिज गोळा करणाऱ्यांना वाघोलीचं नाव तोंडपाठ आहे. हा कॅव्हन्साइट. शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याची पहिली नोंद केली ती अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या नमुन्यांवरून. पण देखणेपणात वाघोलीचा हात कोण धरणार?

तो इथे आला कसा? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्यांत झिरपलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढू लागले. कॅव्हन्साइटमध्ये कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी असतं. निळाई येते ती व्हॅनेडियममुळे.

मग दगडात निळं काही चमकलं की झालं? छे! अॅझुराइटही गर्द निळा असतो. पण तो तांब्याच्या खनिजांच्या सोबतीने राहतो, बहुतेक वेळा हिरव्या मॅलाकाइटला चिकटून. शिवाय हातात घेतला तर कॅव्हन्साइटपेक्षा चांगलाच जड. म्हणून मला रंगाइतकाच भरवसा वाटतो तो शेजाऱ्यांचा. कॅव्हन्साइट बहुधा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला असतो. स्टिल्बाइट ओळखणं सोपं: मध्ये आवळून बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा त्याचा आकार.

आता भिंग काढा. एका मध्यातून चहूबाजूंना फुटलेले बारीक, टोकदार स्फटिक दिसतात? त्यांचा छोटासा गोल गुच्छ झालाय? मग तो बहुतेक कॅव्हन्साइटच! रंगवलेला दगड असेल, तर रंग भेगांमध्ये साचलेला दिसेल. चाकूने ओरखडा काढून मात्र बघू नका हं. याचा कठीणपणा जेमतेमच, त्यात ठिसूळ; गुच्छाचा चुरा व्हायचा. आणि खाणीत सुरुंग लावतात, दरडी सुटतात, तेव्हा तिथे परवानगी काढून, जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच जायचं.

अजून एक जण चकवतो, आणि तो तर याहूनही दुर्मीळ! पेंटागोनाइट. तोही निळा, तोही वाघोलीत सापडणारा, आणि घटकही तंतोतंत तेच. फक्त अणूंची मांडणी निराळी. त्याचे स्फटिक लांबट, पात्यांसारखे असतात. अनेक पाती जुळून वाढलेली असली, तर टोकाकडून भिंगाने बघा: पाच कोनांची चांदणी दिसली, तर तो पेंटागोनाइट!