फ्रीमेसनरी

नैतिक आत्मसंस्कार, बंधुभाव व परोपकार ही उद्दिष्टे मानणारी एक जागतिक संघटना. तिच्या सभासदास फ्रीमेसन व स्थानिक शाखेस लॉज म्हणतात. मध्ययुगीन यूरोपातील पाथरवटांच्या व्यवसायसंघांशी तिचे मूळ जोडले जाते. लंडनमधील चार लॉजांनी १७१७ मध्ये पहिले ग्रँड लॉज स्थापन केले, असे परंपरा मानते. काही आधुनिक संशोधक मात्र १७२१ हे वर्ष ग्राह्य धरतात. जेम्स अँडरसन याने सिद्ध केलेली नियमावली १७२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

फ्रीमेसनरी हा धर्म नाही. तिला स्वतःचे मोक्षशास्त्र वा पुरोहितवर्ग नाही. तथापि मुख्य परंपरेत ईश्वरावरील श्रद्धा ही प्रवेशाची अट आहे. ईश्वरास ‘विश्वाचा महान शिल्पकार’ असे संबोधिले जाते, त्यामुळे कोणत्याही एका धर्माचे नाव त्यास चिकटत नाही. दीक्षार्थी आपल्या स्वतःच्या धर्मग्रंथावर हात ठेवून प्रतिज्ञा घेतो. लॉजच्या सभेत धर्म व राजकारण यांवरील वादास मनाई असते. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७ मध्ये ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्याच्याशी संबंध तोडले.

नीतिबोधासाठी गवंडीकामाच्या हत्यारांचा प्रतीकरूपाने उपयोग केला जातो. गुण्या सदाचरणाचे, कर्कटक वासनांना घातलेल्या मर्यादेचे, पाणसळ मानवी समतेचे व ओळंबा सरळपणाचे प्रतीक होय. चोवीस इंची मोजपट्टी दिवसाच्या चोवीस तासांची प्रार्थना व परोपकार, व्यवसाय आणि विश्रांती यांत योग्य वाटणी करावयास शिकविते. खाणीतून काढलेला अनघड दगड म्हणजे संस्कारहीन मनुष्य. त्यास छिन्नी-हातोड्याने घडवून इमारतीत बसण्याजोगा चिरा बनविणे, हे प्रत्येकाचे आयुष्यभराचे कार्य मानले जाते. उमेदवार, कारागीर व निष्णात अशा दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. तिसरीत सॉलोमनच्या मंदिराचा प्रमुख शिल्पकार हायरम याची आख्यायिका नाट्यरूपाने सादर होते. व्यवसायरहस्य सांगण्यापेक्षा त्याने मृत्यू पत्करला; वचननिष्ठा व मृत्यूचे निर्भय चिंतन हा तिचा आशय होय.

या शिकवणीतील विश्वबंधुत्वाची खरी कसोटी वसाहतीच्या राज्यात लागली. मुंबईत अठराव्या शतकातच लॉज स्थापन झाले होते; परंतु ती दीर्घकाळ यूरोपीयांपुरतीच होती. पारशी समाजसुधारक माणेकजी करसेटजी (१८०८–८७) यांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला. अखेर त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे पश्चिम भारतातील प्रमुख, कंपनीच्या सेवेतील डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी स्थापन झाले. पुढे पारशी समाजातील अनेक प्रतिष्ठित व्यक्ती या चळवळीत आल्या. प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या मेसन म्हणून पन्नास वर्षांच्या सेवेप्रीत्यर्थ जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादिलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुविचार, सुवचन व सुकृती या झरथुश्त्री तत्त्वत्रयीशी मेसनांच्या नीतिबोधाची जवळीक उघड आहे.

हिंदूंच्या प्रवेशाचा प्रश्न अधिक बिकट ठरला. अनेक देवतांचे पूजक एकेश्वरावर श्रद्धा ठेवतात काय व जातिभेद पाळणारा बंधुत्वाची प्रतिज्ञा निभावील काय, असे आक्षेप घेण्यात आले. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना दीर्घ वादानंतर १८७२ मध्ये दीक्षा मिळाली. जातिभेदावरील आक्षेप रास्त असला, तरी तो घेणाऱ्यांचा वर्णभेदही त्याच प्रतिज्ञेत बसणारा नव्हता. नरेंद्रनाथ दत्त (पुढे स्वामी विवेकानंद) यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच दीक्षा घेतली.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९६१ मध्ये, भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिब इ. ग्रंथ एकत्र ठेवण्याची प्रथा आढळते. विधींची गुप्तता, उच्चभ्रू सभासदत्व व स्त्रियांना प्रवेशबंदी यांमुळे संघटनेवर टीका होते. स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देणारी वेगळी शाखा फ्रान्समध्ये १८९३ मध्ये निघाली. ॲनी बेझंट यांनी तिचा भारतात प्रसार केला. रोमन कॅथलिक चर्चने १७३८ पासून आपल्या अनुयायांस सभासदत्व निषिद्ध ठरविले आहे. हे आक्षेप लक्षात घेऊनही, भिन्नधर्मीयांना समान नैतिक भूमिकेवर एकत्र आणण्याचा एक संघटित प्रयत्न म्हणून या चळवळीचे ऐतिहासिक महत्त्व मान्य करावे लागते.