पोलादाच्या गावातली पाच वर्षे

स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप आला, "या वेळी वैद्यकीय लेख नको, आठवणीतले काहीतरी लिहा." त्या संध्याकाळी कॅम्पात आषाढातला पाऊस लागला होता. दवाखाना आटोपून घरी निघाले, तर सेंट मेरीज चर्चचा दगड भिजून काळा पडलेला, रस्त्यावर दिव्यांचा पिवळट उजेड आणि छत्र्या सावरत चाललेली चार माणसे. क्षणभर वाटले, आपण शेफील्डला आहोत! कुठले इंग्लंडच्या उत्तरेतले ते पोलादाचे गाव आणि कुठले आपले बेळगाव. पण मनाला अंतरे कळत नाहीत. तेव्हा विषय तिथेच ठरला.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातून बालरोगशास्त्रात एम.डी. झाल्यावर पुढील शिक्षणासाठी मी १९९९ च्या नोव्हेंबरात शेफील्डला गेले आणि २००४ च्या अखेरीस परतले. शेफील्ड सात टेकड्यांवर वसले आहे असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन अशा पाच नद्या या गावातून वाहतात. शीफवरूनच गावाला नाव मिळाले. टेकड्यांवरून वेगाने उतरणाऱ्या या पाण्यावर पूर्वी पाणचक्क्या चालत आणि चक्क्यांवर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे दगड फिरत. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समनने इथेच मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली या पोलाद भट्टीवरील कामगाराच्या मुलाने न गंजणारे पोलाद तयार केले तेही याच गावात. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ओळीने चकाकणाऱ्या स्टीलच्या डब्यांचे मूळ शोधत गेलो, तर त्या गावाशी जाऊन पोहोचतो. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचा धूर पाहत वाढलेल्या मला ते गाव फारसे परके वाटले नाही, याचे कारण कदाचित हेच असावे.

मी गेले तेव्हा भट्ट्यांचे वैभव ओसरले होते. पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल नावाचा प्रचंड बाजार उभा राहिला होता. हमरस्त्यालगतचे टिन्सलीचे दोन शीतक मनोरे मात्र जुन्या काळाच्या द्वारपालांसारखे उभे होते. २००८ मध्ये तेही पाडले गेले. शनिवारी मी कॅसल मार्केटमध्ये भाजी आणि मासळी घ्यायला जाई. तिथला आरडाओरडा, ओली फरशी आणि मासळीचा वास थेट आपल्या फिश मार्केटची आठवण देत असे. तो बाजारही २०१३ मध्ये बंद झाला.

माझे घर म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या घरांपैकी एक. आपल्याकडची चाळच म्हणा ना! दोन घरांमधल्या बोळाला तिथे 'जेनेल' म्हणतात. तिथली बोली शिकणे हे परीक्षेपेक्षा अवघड काम होते. चिडचिडे मूल म्हणजे 'मार्डी', थंडी न सोसणारी व्यक्ती म्हणजे 'नेश', आणि गोल पाव म्हणजे 'ब्रेडकेक'. पहिल्याच आठवड्यात बसच्या प्रौढ चालकाने मला "लव्ह" म्हणून हाक मारली, तेव्हा मी चपापले. पुढच्या थांब्यावर चढलेल्या मिशाळ गृहस्थालाही त्याने तीच हाक मारली, तेव्हा जीव भांड्यात पडला. आपण बेळगावकर "बस की", "जेव की" म्हणताना तो 'की' जसा लावतो, तसाच तो 'लव्ह' होता. त्यात आपुलकी होती, अर्थ शोधण्याचे कारण नव्हते.

त्याच नोव्हेंबरात मेनिन्गोकॉकसच्या 'क' गटाविरुद्धची लस राष्ट्रीय लसीकरणात आणणारा ब्रिटन हा जगातला पहिला देश ठरला. अंगावर जांभळे डाग उठलेले मूल रात्री दाखल होई आणि सकाळपर्यंत त्याचे काय होईल याची शाश्वती नसे. पुढच्या हिवाळ्यांत अशा रात्री विरळ होत गेल्या. लसीचे सामर्थ्य मी पुस्तकात वाचले होते. रिकाम्या राहणाऱ्या खाटांच्या रूपाने ते प्रथम तिथे पाहिले.

मात्र या साऱ्या काळात एक गोष्ट मी कोणाला सहसा सांगत नसे. माझी स्वतःची अडीच वर्षांची मुलगी कॅम्पात सासूबाईंपाशी होती. यजमानांची शस्त्रक्रियेची प्रॅक्टिस नुकती सुरू झाली होती आणि माझ्या पाळ्यांमध्ये लहान मूल सांभाळणे शक्य नव्हते. दर रविवारी पाच पौंडांचे फोनकार्ड घेऊन मी बोलत असे. सुरुवातीला ती फोनवर रडायची. पुढे रडेनाशी झाली आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटू लागले. दिवसभर दुसऱ्यांची मुले छातीशी धरायची आणि रात्री रिकाम्या घरी यायचे, असे चौदा महिने काढले.

या काळात आधार मिळाला तो शेजारच्या आजीबाईंचा. त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि पूर्वाश्रमीच्या 'बफर गर्ल'. शेफील्डमध्ये काटे-चमचे फिरत्या चाकावर घासून चकाकवण्याचे काम बायका करत, त्यांना हे नाव होते. चाकावरची तेलवाळूची काळी राड अंगावर उडे, म्हणून त्या डोक्याला फडके बांधत आणि अंगाला तपकिरी कागद व वर्तमानपत्रे गुंडाळत. मजुरी नगावर. आजीबाई चौदाव्या वर्षी कामाला लागल्या होत्या. लग्नानंतर दोन मुले आपल्या आईपाशी ठेवून त्या कारखान्यात जात. पाच नोव्हेंबरला तिथे शेकोट्या पेटवून फटाके उडवतात. त्या रात्री आजीबाईंनी मला 'पार्किन' नावाचा ओटच्या पिठाचा, आले घातलेला केक आणून दिला. त्यातल्या काळ्या पाकाची चव हुबेहूब आपल्या काकवीची! मी त्यांना बेळगावचा कुंदा दिला. तो त्यांनी चमच्याच्या टोकाने चाखला आणि उरलेला फडताळात जपून ठेवला.

२००१ च्या जानेवारीत यजमान मुलीला घेऊन आले. मँचेस्टरच्या विमानतळावर मी हात पसरले, तर ती वडिलांच्या पायांमागे लपली. पुढचे काही आठवडे ती मला हाकच मारत नव्हती. काही हवे असले की, "बाबा, त्यांना सांगा," म्हणे. मुलांच्या मनावर व्याख्याने देणारी मी, स्वतःच्या मुलीपुढे हतबल झाले होते. तेव्हा आजीबाईंनी आपली गोष्ट सांगितली. काळ्या तोंडाने घरी गेल्या की त्यांचे धाकटे मूल घाबरून किंचाळे. म्हणून कामावरून परतताना त्या आधी आईच्या मागच्या दारी जाऊन तोंड-हात धूत, झगा बदलत, आणि मगच पुढच्या दाराने आत येत. "मूल तुला विसरलेले नाही, लव्ह," त्या म्हणाल्या, "तू पुढच्या दाराने यायची ते वाट पाहते आहे." मी रजा घेतली. दहा दिवस काहीही न मागता तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. अकराव्या दिवशी ती झोपेत माझ्या कुशीत आली.

परतल्यानंतरची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या चुकीची आहे. निपाणीहून एक बाई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन वारंवार येत असे. मुलाला धाप लागे. मी वाफ देत होते, औषधे बदलत होते. सहा महिने गेले. एके दिवशी मुलाला उचलताना तिची बोटे दिसली. तंबाखूने पिवळी-तपकिरी झालेली. ती घरी विड्या वळत होती. मांडीवर सूप, शेजारी तेंदूची पाने आणि पलीकडे झोपलेले मूल. मजुरी हजारावर.

शेफील्डच्या इतिहासात मी वाचले होते की, तिथे कोरड्या दगडावर काटे घासणारे कारागीर दगडाची धूळ छातीत जाऊन तिशीच्या आसपासच दगावत. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हे सारे मला पाठ होते. पण सत्तरएक किलोमीटरवरच्या निपाणीहून येणाऱ्या आईला "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न मी सहा महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

मी तिला सांगितले, मूल झोपते त्या खोलीत विड्या वळू नका. ती शांतपणे म्हणाली, "बाई, खोली एकच हाय. दुसरी कुठनं आणू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग मी तिला आजीबाईंची गोष्ट सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली. पुढच्या खेपेला तिनेच सांगितले की, ती आता शेजारणीच्या सोप्यात बसून विड्या वळते आणि हात धुऊन, लुगडे बदलून मगच मुलाला घेते. मुलाची धाप पूर्ण थांबली असे म्हणणार नाही. पण ती कमी झाली. त्या मजुरीचे आणि त्या एका खोलीचे मी काहीच करू शकले नाही, हेही खरेच.

आजीबाईंचे नाताळचे शुभेच्छापत्र २०११ पर्यंत येत होते. नंतर आले नाही. त्यांनी स्वतः घासून चकाकवलेला एक छोटा चमचा निघताना मुलीला दिला होता. तो अजून घरात आहे. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. मध्यंतरी तिने विचारले, "आई, ते चौदा महिने तुला पुन्हा मिळाले, तर?" मी म्हणाले, "तुला सोडून जाणार नाही." ती हसून म्हणाली, "मग आजीबाई कशा भेटल्या असत्या?" या हिशेबाचे उत्तर मला अजून जुळवता आलेले नाही.

असो. आपल्या केसपेपरवर मुलाचे नाव, वय, वजन आणि लसी यांचे रकाने असतात. मी त्यात हाताने आणखी एक रकाना आखून घेतला आहे : आईचे काम. सभासद बंधू-भगिनींना सुचवावेसे वाटते की, आपणही तो आखून पाहावा. शेफील्डहून मी पदव्या आणल्या. पण रोज उपयोगी पडतो, तो हा एवढा रकाना.