राजवाड्याचे लोकसंग्रहालय

पॅरिस येथील सेन नदीकाठचे लूव्र हे आज जगद्विख्यात कलासंग्रहालय असले, तरी त्याची उभारणी लोकांसाठी झालेली नव्हती. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजा फिलिप ऑगस्ट याने तेथे किल्ला बांधला. पुढे १५४६ पासून त्या जागी राजवाडा उभा राहू लागला. राजसंग्रहातील बहुतेक चित्रे त्या काळी सामान्यांच्या दृष्टीस पडत नसत.

फ्रेंच राज्यक्रांतीने ही परिस्थिती पालटली. राजसत्ता कोसळल्यास एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, १० ऑगस्ट १७९३ रोजी, वाड्यातील संग्रहालय जनतेला खुले झाले. दर दहा दिवसांतील काही दिवस सर्वसामान्यांसाठी राखून ठेवलेले असत.

मालकीबरोबर रक्षणाची जबाबदारीही राष्ट्राकडे आली. १९३९ मध्ये महायुद्ध तोंडावर येताच ‘मोनालिसा’सह हजारो कलाकृती पेट्यांत भरून शांबोर व अन्य दूरच्या वाड्यांत हलविण्यात आल्या. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, तेव्हा अनेक दालनांच्या भिंती रिकाम्या होत्या. ‘मोनालिसा’ १९४५ मध्ये परतली.

सार्वजनिक ठेव्याची नोंद, निगा आणि संकटकाळी वेळीच केलेली तजवीज हे लोकसत्तेचे कर्तव्यच होय, हे लूव्रच्या इतिहासावरून दिसून येते.