पुतळा कुणाचा? लढणाऱ्याचा की नटाचा?

समाज कुणाला आठवतो आणि कुणाला विसरतो, हे त्याच्या चौकातल्या पुतळ्यांवरून कळते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

जो फ्रेझियर यांचा जन्म १९४४ साली साउथ कॅरोलिनात, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. दक्षिणेत तेव्हा वर्णभेदाला कायद्याचाच आधार होता. कोवळ्या वयात गाव सोडून हा मुलगा उत्तरेत आला आणि फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला लागला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला तो राखीव खेळाडू म्हणून गेला. दुसऱ्याला दुखापत झाली म्हणून संधी मिळाली. उपांत्य फेरीत अंगठा मोडला, तरीही अंतिम लढत जिंकून त्याने सुवर्णपदक आणले. त्या वर्षी मुष्टियुद्धात अमेरिकेला मिळालेले ते एकमेव सुवर्ण! पण प्लॅस्टरमधला हात घेऊन आलेल्या या वीराला कत्तलखान्यातले कामही करता येईना.

१९७० मध्ये फ्रेझियर व्यावसायिक हेवीवेट जगज्जेते झाले. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मुहम्मद अलींना पंधराव्या फेरीत खाली पाडले आणि पहिल्यांदाच हरवले. व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याने बंदी आलेल्या अलींना पुन्हा खेळू द्या, असे म्हणणारेही हेच फ्रेझियर. त्याच अलींनी त्यांना गोऱ्यांचा हस्तक म्हणून हिणवले. शेतमजुराच्या पोराला हा घाव फार खोल लागला. अलींनी माफी मागितली, ती २००१ साली.

१९७६ मध्ये 'रॉकी' चित्रपट आला. त्याचा गोरा नायक मांसाच्या धडांवर गुद्दे मारून सराव करतो. हे आपल्याच आयुष्यातून उचलले, असे फ्रेझियर सांगत असत. पडद्यावरच्या या काल्पनिक योद्ध्याचा पुतळा २००६ साली फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी बसवला गेला. फ्रेझियर तेव्हा त्याच शहरात हयात होते. २०११ मध्ये ते गेले. त्यांचा पुतळा उभा राहिला २०१५ साली!

घाम एकाचा आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात, हा प्रकार आपल्याला नवा आहे काय? रॉकीवर प्रेम करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. पण ज्याने खरा मार खाल्ला, त्याला मरेपर्यंत थांबावे लागले. आपला इतिहास आपणच सांगितला नाही, तर दुसरे त्याचा सिनेमा करतात आणि पुतळाही त्यांचाच उभा राहतो.