आंखूड पायांचा शिकारी : स्वीडनमधील ड्रेवर

शिकारी कुत्रा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लांब पायांचा, सडपातळ, वाऱ्याशीं पैज लावणारा प्राणी उभा राहतो. मुधोळचे कुत्रे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस तर निराळी कल्पना करणेंच कठीण. परंतु स्वीडनमधील शिकाऱ्यांचा आवडता ‘ड्रेवर’ अगदीं उलट आहे. उंची सुमारें ३५ सेंटिमीटर, म्हणजे हातभरहि नव्हे. अंग लांबट, छाती भरदार, कान लोंबते आणि धांव मंद. हा मंदपणा म्हणजे व्यंग नसून मुद्दाम जोपासलेला गुण आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

मुधोळी कुत्रा सावज डोळ्यांनीं हेरतो, ड्रेवर नाकानें. जमिनीवरील वास धरून, मोठ्यानें भुंकत तो माग काढीत जातो. त्याचें मुख्य सावज म्हणजे ‘रो’ नांवाचें शेळीएवढें हरण. वेगवान कुत्रा पाठीस लागला तर हें हरण भेदरून आपलें रान सोडतें, आणि कुत्राहि त्याच्यामागें दूर निघून जातो. ड्रेवर मागें असला म्हणजे त्याचें भुंकणें ऐकून हरणास अंतराचा अंदाज राहतो. तें थोडें पुढें जातें, थांबतें, कान टवकारतें, पुन्हां चालूं लागतें, आणि बहुधा आपल्या परिचित रानांतच वळसे घेतें. शिकारी त्याच्या नेहमींच्या वाटेवर निःशब्द उभा असतो. समोर आलेला नर आहे कीं मादी, गोळी झाडावी कीं जाऊं द्यावें, हें ठरविण्यास त्यास अवसर मिळतो. शिकारीचें समर्थन करण्याचा येथें हेतु नाहीं. तथापि भरधांव पळणाऱ्या जनावरावर गोळी झाडून तें घायाळ होऊन झुडपांत तडफडत राहावें, त्यापेक्षां ही रीत पुष्कळच बरी, असें कोणीहि म्हणेल.

ही गरज उत्पन्न होण्यास एक इतिहास आहे. १८३० च्या सुमारास स्वीडनमधून हें हरण जवळजवळ नष्ट झालें होतें. दक्षिणेकडील स्कोने प्रांतांत कांहीं थोडीं उरलीं होतीं. पुढें संरक्षण मिळून तीं वाढलीं व उत्तरेकडे पसरलीं. परंतु ससे व कोल्हे यांच्यामागें धांवणारे तेथील उंच कुत्रे हरणाच्या कामीं फारच वेगवान ठरत. १९१० च्या सुमारास जर्मनींतील वेस्टफालियामधून ‘डाक्सब्राके’ नांवाचे ठेंगणे कुत्रे आले, आणि स्वीडिश लोकांनीं त्यांपासून किंचित् मोठी जात तयार केली. १९४७ मध्यें एका वृत्तपत्राच्या स्पर्धेंतून तिला स्वतंत्र नांव मिळालें. त्याच्या मुळाशीं सावज हांकण्याचा अर्थ आहे. १९५३ मध्यें आंतरराष्ट्रीय मान्यताहि मिळाली.

रंग कोणताहि असो, अंगावर पांढरे पट्टे समोरून, मागून व दोन्ही बाजूंनीं दिसलेच पाहिजेत, असा दंडक आहे. एरवीं झुडपांतला तांबूस ठिपका कोल्हा समजून कोणी बंदूक रोखावयाचा! खोल बर्फांत मात्र हे आंखूड पाय निरुपयोगी होतात.

घरीं हा कुत्रा शांत व प्रेमळ असतो. परंतु एकदां वास लागला कीं धन्याच्या हाकेस तो क्वचितच दाद देतो. पूर्वीं शिकारी आपला कोट रानांत पसरून ठेवीत, म्हणजे त्या वासावर कुत्रा परत येऊन बसे. हल्लीं त्याच्या गळ्यांत उपग्रहाच्या साह्यानें ठिकाण कळविणारा पट्टा बांधतात.